२५ जानेवारीच्या रात्री कोणता लावायचा: बॉर्डर, लक्ष्य की हकीकत?

प्रजासत्ताक दिनाच्या आदल्या रात्री लेआउटमधल्या, म्हणजे नागपुरातल्या आमच्या वसाहतीतल्या, मोकळ्या प्लॉटवर पडदा बांधून एखादा युद्धपट दाखवायचा, असा आमच्याकडचा रिवाज आहे. पडदा, प्रोजेक्टर, सतरंज्या, चहा यांची वाटणी दहा मिनिटांत होते. गणपतीतले स्पीकर कोणाच्या तरी माळ्यावर असतातच. घोडं अडतं ते पिक्चरच्या नावावर. दर वर्षी तीच तीन नावं निघतात आणि दर वर्षी तीच भांडणं होतात. हे तिन्ही पिक्चर मी मागच्या रांगेत बसून पाहिले आहेत, म्हणजे पडद्याइतकंच बसलेल्या लोकांकडे बघत. त्या भरवशावर हे लिहितो आहे. ज्यांना यंदा ठरवायचं आहे त्यांनी त्यातलं पटेल तेवढं घ्यावं.

कथा सांगत बसत नाही, त्या सगळ्यांना ठाऊक आहेत. कोणी ‘एलओसी कारगिल’ सुचवला तर नम्रपणे नको म्हणा. तो चार तासांहून मोठा आहे, आणि नागपूरची जानेवारीतली रात्र अकरानंतर उघड्यावर काढायला शाली पुरत नाहीत. ‘उरी’ आणि ‘शेरशाह’ बरे आहेत, पण पोट्ट्यांनी ते मोबाइलवर इतक्यांदा पाहिलेत की पडद्यावरचा नट तोंड उघडायच्या आधी पुढच्या सतरंजीवरून संवाद ऐकू येतो. एकाची हौस होते, बाकीच्यांचा पिक्चर जातो.

‘बॉर्डर’ लावला तर खुर्च्या कमी पडतील, हे आधीच सांगून ठेवतो. १९९७ साली ज्यांनी तो थिएटरात पाहिला ते आज पन्नाशीच्या आसपास आहेत, आणि ‘संदेसे आते हैं’ सुरू झालं की ही मंडळी आपण कोणाचे आईबाप आहोत ते विसरून गळा काढतात. गाणं चांगलं लांबलचक आहे, पण त्या वेळात कोणी चहाला उठत नाही. तेवढ्यापुरता तरी या पिक्चरचा हात धरणारा दुसरा नाही. सनी देओलच्या संवादांना शिट्ट्या पडतात, मथुरादासला झापतानाच्या प्रसंगाला तर लहान मुलंसुद्धा सरसावून बसतात.

मला स्वतःला त्यातलं आवडतं ते मात्र वेगळंच. रणगाडे दिसायच्या आधीची रात्र. वाळवंटात दुरून घरघर ऐकू येते आणि खंदकातली माणसं एकमेकांकडे बघतात, तेवढा भाग. गोळी झाडताना कचरणारा अक्षय खन्नाचा धरमवीरही मला खरा वाटतो. दिग्दर्शक जे. पी. दत्तांना सैनिक थकतो, घाबरतो, घरच्या पत्राची वाट बघत चिडचिडा होतो हे ठाऊक होतं, आणि पहिल्या अर्ध्या भागात ते जागोजागी दिसतं.

आमच्या शेजारी हवाई दलातून निवृत्त झालेले एक काका राहतात. वायुसेनानगरच्या मेंटेनन्स कमांडमध्ये त्यांची बरीच वर्षं गेली. ‘बॉर्डर’ लागला की ते पहिल्या रांगेत असतात आणि विमानांचा विषय निघाला की मागे वळून सगळ्यांना सांगतात, ‘‘बघा, हे बरोबर दाखवलंय, हंटर विमानांना रात्री हल्ला करता येत नव्हता.’’ आणि ते खरंच आहे. ‘बॉर्डर’ ज्या लढाईवर आहे त्या लढाईत, ४ डिसेंबर १९७१ च्या रात्री, राजस्थान सीमेवरची लोंगेवाल्याची चौकी उजाडेपर्यंत एकटी होती. पहाटे जैसलमेरहून हंटर आले आणि वाळूत फसलेल्या रणगाड्यांची त्यांनी शिकार केली. आता श्रेय पायदळाचं की हवाई दलाचं, हा वाद निवृत्त अधिकाऱ्यांत बरीच वर्षं चालला. आमच्या प्लॉटवर तो दर वेळी नव्यानं चालतो, कारण काकांच्या शेजारच्या खुर्चीवर कामठीच्या गार्ड्स रेजिमेंटल सेंटरमधून निवृत्त झालेले सुभेदार बसतात. मध्यंतर या दोघांचं असतं.

‘लक्ष्य’बद्दल फार लांबण लावत नाही. २००४ चा आहे, कारगिलवरचा आहे, पण कारगिल यायला निम्मा पिक्चर जातो. गंमत म्हणजे तो निम्माच मला जास्त आवडतो. काय करायचं हे न कळणारा मुलगा, डेहराडूनच्या अकादमीतून पळून येणं, मग स्वतःच्याच लाजेनं परत जाणं, हे फरहान अख्तरनं फार समजून केलं आहे. युद्ध सुरू झाल्यावर मात्र सगळं जरा जास्तच गुळगुळीत होतं. रात्री कडा चढतानाचा भाग दम रोखून बघण्यासारखा आहे, पण ५१७९ क्रमांकाचं शिखर मिळणार याबद्दल कोणाच्या मनात एक क्षणही शंका येत नाही. घरात बारावीनंतर सोफ्याला चिकटलेला मुलगा असेल तर त्याच्यासाठी याहून चांगला पिक्चर मला माहीत नाही. फक्त त्याच्या बाबांना शेजारी बसवू नका, ते मधेमधे ‘‘बघ, बघ’’ करत राहतात आणि पोरगा उठून जातो. अख्ख्या लेआउटसाठी म्हणाल तर मला तो थोडा घरातल्या घरात बघायचा वाटतो.

म्हणजे खरी लढत ‘बॉर्डर’ आणि ‘हकीकत’ यांच्यात. इथे माझा कल एका बाजूला का झुकला, ते सांगायला हवं. कारण बघायला गेलं तर अगदी छोटं आहे.

एका वर्षी ‘बॉर्डर’ दाखवला आणि दुसऱ्या दिवशी झेंडावंदन आटोपून मुलांना सीताबर्डीच्या किल्ल्यावर घेऊन गेलो. तो लष्कराच्या ताब्यात असल्यामुळे एरवी आत जाता येत नाही, २६ जानेवारी, १ मे आणि १५ ऑगस्टला लोकांसाठी उघडतो, त्यामुळे रांग ही असतेच. रांगेत उभं असताना आमच्या लेआउटमधली सातवीतली एक मुलगी मला म्हणाली, ‘‘काका, भैरोंसिंगला परमवीर चक्र मिळालं का?’’ सुनील शेट्टीनं रणगाड्याशी झुंजत दिलेला जीव तिच्या डोक्यातून रात्रभर गेला नव्हता. मी सांगितलं, नाही, त्यांना सेना पदक मिळालं. आणि ते जिवंत आहेत, राजस्थानात राहतात. ती क्षणभर माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, ‘‘मग पिक्चरमध्ये मारलं काऊन?’’

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि आजही नाही. सीमा सुरक्षा दलाचे भैरोंसिंग राठोड लोंगेवाल्यावर लढले, जगले, म्हातारे झाले आणि २०२२ च्या डिसेंबरात जोधपूरला वारले. लेफ्टनंट धरमवीरही त्या लढाईतून जिवंत परतले. पिक्चरमध्ये दोघंही मरतात, आणि मरतात ते आपल्या खऱ्या नावानं. चौकी सांभाळणाऱ्या मेजर कुलदीपसिंग चांदपुरींच्या तुकडीतले प्रत्यक्षात दोन जवान गेले अशी नोंद आहे. पडद्यावर शेवटी प्रेतांचा खच दिसतो. नाव खरं, गाव खरं, रेजिमेंट खरी आणि मरण तेवढं बनावट. हे एकदा ठाऊक झालं की पुढच्या वेळी त्या प्रसंगाला मला रडू येत नाही, चुळबुळ सुरू होते. आजूबाजूला लोक डोळे पुसत असतात आणि मी आपला स्वेटरची चेन वरखाली करत बसतो.

यावर मला नेहमी ऐकवलं जातं की अरे, पिक्चर आहे तो, डॉक्युमेंटरी नाही. मान्य. आणि दत्तांना तसं का करावंसं वाटलं असेल याचा अंदाजही येतो. त्यांना शेवटी ‘मेरे दुश्मन मेरे भाई’ म्हणायचं होतं, युद्धात कोणीच जिंकत नाही हे सांगायचं होतं, आणि ते सांगायला समोर प्रेतं लागतात. हेतू चांगलाच आहे. पण लोंगेवाल्याची खरी गोष्ट उलटी आहे आणि माझ्या मते जास्त थरारक आहे. सुमारे १२० माणसं, समोर रणगाड्यांची अख्खी फौज, बटालियनकडून ‘हवं तर पायी मागे या’ अशी मुभा, आणि मेजर थांबायचं ठरवतो. घाईघाईत लावलेली काटेरी तार बघून पाकिस्तानी रणगाडे पुढे सुरुंग पेरले असतील या समजुतीनं खोळंबतात. अंधारात तासांवर तास जातात. एका तारेनं रात्र काढून दिली! आणि सकाळी चौकीतली जवळजवळ सगळी माणसं शाबूत असतात. वाचलेल्या माणसांची ही गोष्ट आहे. ती आपल्याला मेलेल्यांची करून का दाखवावी लागली, हा त्या मुलीचाच प्रश्न मी पुढे ढकलतो आहे. ‘शेरशाह’लाही खरी नावं आहेत, पण तिथे जो गेला तो खरोखर गेला, त्यामुळे तिथे माझी तक्रार नाही.

‘हकीकत’ इथे मला सुटसुटीत वाटतो. १९६४ चा, म्हणजे १९६२ च्या चीन युद्धाची जखम ओली असताना चेतन आनंदनी केलेला. त्यातला मेजर रणजितसिंग, कॅप्टन बहादूरसिंग, सगळे काल्पनिक. कोणाच्या घरी जाऊन ‘तुमचे आजोबा असे गेले का?’ असं विचारायची सोय नाही. आणि तरीही, का कोण जाणे, बलराज सहानींचा थकलेला चेहरा बघताना हा माणूस कुठल्या तरी पलटणीत खरंच होता असं वाटत राहतं. धर्मेंद्र त्यात इतका कोवळा आहे की नव्या मुलांना तो ओळखूच येत नाही. कोणाची तरी आजी मागून सांगते तेव्हा पुढच्या सतरंजीवर कुजबुज सुरू होते.

दोष आहेत, लपवत नाही. अंगमोच्या प्रेमकथेत पिक्चर रेंगाळतो, आणि लडाखची मुलगी प्रिया राजवंशच्या तोंडून शहरी हिंदी बोलते तेव्हा खटकतं. काही ठिकाणचा बर्फ स्टुडिओतला आहे हे लगेच कळतं, विशेषतः आधीच्या दृश्यात खरं लडाख दाखवलेलं असताना. चिनी सैनिक माणसं म्हणून येतच नाहीत. भाषणं आहेत. पहिल्या अर्ध्या तासात मागच्या दोन रांगा हमखास रिकाम्या होतात, त्यातली निम्मी माणसं आलूबोंड्यांच्या टेबलाशी सापडतात आणि निम्मी घरी. ‘बॉर्डर’च्या वेळी असं कधी झालेलं मला आठवत नाही.

पण जी माणसं थांबतात ती उठत नाहीत. माघारीचा पिक्चर आहे हा. पहिली गोळी आपण झाडायची नाही असा वरून हुकूम, हातात जुन्या रायफली, आणि मागे यायची वाट एकेक करून बंद होत जाते. शत्रूला लोळवण्याचा आनंद तो देतच नाही, त्यामुळे शिट्टी मारायला जागा मिळत नाही. त्याऐवजी ‘होके मजबूर मुझे’ मिळतं. रफी, तलत महमूद, मन्ना डे आणि भूपिंदर असे चार आवाज, मदनमोहनची चाल, कैफी आझमींचे शब्द, आणि पडद्यावर घराची आठवण काढत बसलेले दमलेले जवान. त्यातला एक तरुण भूपिंदर स्वतः आहे. एका कडव्यात एक माणूस नुसता समोर बघत बसतो, ओठ हलतात, चेहरा हलत नाही. आमच्याकडे त्या वेळी चहाचे कप वाजायचे थांबले होते, आणि हे लेआउटच्या कार्यक्रमात फार कमी वेळा होतं.

आणि शेवट. ‘कर चले हम फिदा’ हे गाणं आपल्याकडच्या प्रत्येक पोराला पाठ असतं. शाळेच्या भोंग्यावर २६ जानेवारीला सकाळी सातपासून ते लागलेलं असतं, लेझीम त्याच्यावर बसवतात, गल्लीतला इस्त्रीवालासुद्धा त्या दिवशी तेच गुणगुणतो. पण ते पिक्चरमध्ये कुठे येतं हे फार थोड्यांना ठाऊक असतं. तिथे ते गाणारं कोणी उरलेलंच नाही. बर्फावर जवान पडले आहेत आणि आवाज त्यांचा आहे. नववी-दहावीतल्या मुलांना हे पहिल्यांदा बघताना मी पाहिलं आहे. त्यातला एकजण नंतर खुर्च्या उचलता उचलता म्हणाला, ‘‘काका, आम्ही तर यावर डान्स करून राहिलो होतो.’’ एवढंच म्हणाला आणि चार खुर्च्या एकात एक घालून निघून गेला.

‘हकीकत’ लावायचा असेल तर आधी दोन मिनिटं बोलून घ्या, नाहीतर मुलांना १९६२ म्हणजे काय याचा पत्ता लागत नाही. मी रेझांग लाची गोष्ट सांगतो. पिक्चर त्याच लढाईवरचा आहे असं नाही, पण हवा तीच आहे. १८ नोव्हेंबर १९६२, लडाखमधल्या चुशूलजवळची खिंड, १३ कुमाऊं पलटणीची चार्ली कंपनी, मेजर शैतानसिंग. माणसं इथेही सुमारे १२०, लोंगेवाल्याइतकीच. मधे डोंगराची धार असल्यामुळे आपल्या तोफांना त्यांच्या मदतीला मारा करता येत नव्हता, आणि हवाई दलाची लढाऊ विमानं त्या युद्धात वापरलीच गेली नाहीत. लोंगेवाल्यात उजाडल्यावर हंटर आले. रेझांग लावर उजाडल्यावर कोणी येणार नव्हतं. बहुतेक सगळे तिथेच गेले. पुढच्या वर्षीच्या सुरुवातीला एका मेंढपाळामुळे ते सापडले, कित्येकांच्या हातात अजून शस्त्रं होती. मेजर शैतानसिंगांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं. हे ऐकल्यावर काका आणि सुभेदार दोघंही गप्प बसतात, आणि तो माझ्या दृष्टीनं मोठा फायदा आहे.

थोडक्यात कोणाला काय? लेआउटमध्ये दहा वर्षांखालची मुलं जास्त असतील, वर्गणी गोळा करायची असेल, किंवा नव्या सोसायटीत लोकांनी एकमेकांची तोंडं तरी बघावीत एवढाच हेतू असेल, तर खुशाल ‘बॉर्डर’ लावा, कार्यक्रम फसणार नाही. तेवढं एक करा, संपल्यावर कोणीतरी माइक घेऊन सांगा की भैरोंसिंग आणि धरमवीर त्या रात्री वाचले होते. लोकांना ते ऐकून बरंच वाटतं, टाळ्यासुद्धा पडतात. कॉलेजची मुलं जास्त असतील तर ‘लक्ष्य’. आणि आठवीच्या पुढची मुलं, त्यांचे आईबाप आणि एखाद-दोन आज्या असा जमाव असेल, शंभरऐवजी साठच माणसं आली तरी चालणार असेल, तर ‘हकीकत’ला एकदा संधी द्यावी असं मला वाटतं. माझ्यापुरतं म्हणाल तर मत मागितल्यावर मी अलीकडे तेच नाव घेतो, आणि बहुमतानं ‘बॉर्डर’ ठरला तर निमूटपणे सतरंज्या उचलायला जातो.

‘हकीकत’च ठरला तर काही गोष्टी सांभाळा. जुना कृष्णधवल पिक्चर आहे, त्यामुळे प्लॉटवरचा महानगरपालिकेचा दिवा झाकायची सोय करा, नाहीतर रात्रीची दृश्यं नुसती काळी दिसतात. मंडळाचे स्पीकर विसर्जनाच्या मिरवणुकीसाठी लावलेले असतात, त्यांचा बास पूर्ण खाली आणा. तसाच ठेवला तर बलराज सहानी रांजणात तोंड घालून बोलल्यासारखे ऐकू येतात. पिक्चर तीन तासांचा आहे, म्हणून सातला म्हणजे सातला सुरू करा, प्रमुख पाहुणे बोलावू नका. मध्यंतर कुठेही घ्या, पण ‘होके मजबूर’च्या मधोमध चहा फिरवू नका. आणि प्रोजेक्टर ज्याच्या ताब्यात असेल त्याला आधीच गाठून ठेवा. शेवटचं गाणं लागलं की पिक्चर संपला असं समजून तो वायरी गुंडाळायला लागतो.